टच आणि पेन जेश्चर: टॅब्लेट, लॅपटॉप आणि डिजिटल बोर्ड मनासारखे चालवण्यासाठी

लातूरचा शिकवणी वर्ग असो, नांदेडकडची जिल्हा परिषदेची शाळा असो की तालुक्याचं सेतू केंद्र, टचस्क्रीनसमोर बसलेली माणसं एकच तक्रार करतात: "सर, पान आपोआपच पळायलंय." पान आपोआप पळत नसतं. तळहाताची कड काचेला टेकलेली असते, दुसरं एखादं बोट नकळत लागलेलं असतं, नाहीतर बोट जिथून सरकायला लागलं ती जागाच सिस्टिमने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते. हाताने काहीतरी सांगितलं आणि यंत्राने ते ऐकलं, एवढंच घडलेलं असतं.

म्हणून जेश्चरची, म्हणजे बोटांच्या आणि पेनच्या ठरलेल्या हालचालींची, यादी पाठ करा, असं मी कुणालाच सांगत नाही. प्रत्येक कंपनीची यादी निराळी, आणि मोठं अपडेट आलं की तीही बदलते. त्यापेक्षा यंत्र आपल्या हातातलं नेमकं काय वाचतं, हे एकदा समजून घ्यावं. मग नवीन टॅब्लेट हातात आला तरी निम्मी जेश्चर अंदाजानेच सापडतात, आणि काही बिघडलं तर का बिघडलं तेही कळतं.

यंत्र काय वाचतं

तीन गोष्टी. बोटं किती लागली. पहिलं बोट कुठे टेकलं, कडेला की मधे. आणि टेकल्यावर ते लगेच उचललं, थांबलं की सरकलं.

एक बोट मधे टेकवून लगेच उचललं की क्लिक. तेच बोट क्षणभर दाबून धरलं की मेनू उघडतो, म्हणजे माउसचं उजवं बटण. तेच सरकवलं की पान वर-खाली होतं. दोन बोटं लागली की गोष्ट पानाच्या आकाराची होते: बोटं फाकवली की मोठं, जवळ आणली की लहान. तीन किंवा चार बोटं लागली की हुकूम बहुधा ॲपकडे न जाता थेट सिस्टिमकडे जातो. कडेचंही तसंच. शेताला बांध असतो तशी स्क्रीनला कड असते. आत ॲपचा ताबा, बांधावर सिस्टिमचा.

आता ऑनलाइन काढलेला सातबारा किंवा गटाचा नकाशा टॅब्लेटवर उघडा आणि गट क्रमांकाच्या जागेवर अंगठा व तर्जनी जवळजवळ टेकवून हळू फाकवा. झूम झाला नाही तर जोर वाढवू नका. आधी बघा, एक बोट काचेच्या अगदी कडेला तर नव्हतं? दुसऱ्या हाताचा अंगठा टॅब्लेट धरताना काचेवर तर आला नाही? टॅब्लेट धरणाऱ्या हाताचा अंगठा हे निम्म्या गोंधळाचं कारण असतं. यंत्राला ते तिसरं बोट वाटतं.

आधी काच, हात आणि चार्जर

आजच्या जवळपास सगळ्या फोन-टॅब्लेटची काच कपॅसिटिव्ह असते. काचेखाली विजेचं बारीक क्षेत्र असतं, आणि अंगातून वीज वाहू शकते म्हणून बोट टेकलं की तेवढ्या जागी ते क्षेत्र बदलतं. तो बदल यंत्र मोजतं. जोराने दाबल्याने काहीच जास्त होत नाही, उलट बोट जास्त पसरतं आणि नेम चुकतो. हलका स्पर्श पुरतो, हे सगळ्यात आधी हाताला पटवून द्यावं लागतं.

शेतात काम करणाऱ्या माणसांची बोटं कोरडी आणि घट्टे पडलेली असतात. अशा कातडीतून तो बदल नीट घडत नाही. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये नोंद करताना पुन्हा पुन्हा बोट आपटणारे शेतकरी तुम्हीही पाहिले असतील. यात त्यांचं काही चुकत नाही. बोटाचं टोक न टेकवता बोटाचा गुबगुबीत भाग सपाट टेकवायला सांगा, किंवा घट्टा नसलेलं दुसरं बोट वापरू द्या. हात किंचित ओलसर पुसून घेतला तरी फरक पडतो. सॅमसंगच्या उपकरणांत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी वाढवायची सोय असते. ती जाड स्क्रीनगार्डसाठी दिलेली आहे, पण इथेही उपयोगी पडते.

याच्या उलट घाम. मे महिन्यात परभणी-जालन्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, बोटाखाली घामाचा थर येतो आणि एक स्पर्श पसरून दोन होतात. जवळ कोरडं मऊ फडकं ठेवा. शिवाय उपकरणालाही ऊन सोसत नाही. ॲपल आयपॅड वापरण्यासाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान योग्य मानतं. त्याच्या वर गेलं की स्क्रीन मंद होणं, चार्जिंग थांबणं, सगळं हळू चालणं सुरू होतं. पत्र्याच्या वर्गात दुपारी टॅब्लेट खिडकीत ठेवू नका.

आणि चार्जर. चार्जिंग चालू असताना स्क्रीन वेड्यासारखी वागते, न लावलेली बोटं लागतात, पेनची रेघ थरथरते, असं होत असेल तर पिन काढून बघा. पिन काढताच शांत झालं तर दोष जेश्चरचा नाही. हलक्या चार्जरमधून किंवा अर्थिंग नसलेल्या सॉकेटमधून येणारा विद्युत गोंगाट काचेखालच्या मोजणीत मिसळतो. मूळ चार्जर वापरा, अर्थिंग तपासून घ्या, तोवर शिकवताना पिन काढलेली ठेवा. खेडोपाडीच्या शाळांत हे इतकं सर्रास दिसतं, की दुरुस्तीला टॅब्लेट पाठवण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

अँड्रॉइड टॅब्लेट: सुरुवात इथून

अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, खालची तीन बटणं काढून सगळं स्वाइपवर, म्हणजे काचेवर बोट सरकवून, चालवायची पद्धत आली. सेटिंग उघडून वरच्या शोधपट्टीत 'नेव्हिगेशन' लिहा. सॅमसंगमध्ये ते डिस्प्लेखाली, नेव्हिगेशन बारमध्ये सापडतं. इतर बऱ्याच उपकरणांत सिस्टिमखाली, जेश्चर या गटात. स्वाइपची पद्धत निवडा आणि हे क्रमाने करा:

१. खालच्या कडेवरून बोट वर सरकवून सोडा. होम स्क्रीन येते.
२. तेच करा, पण बोट मधे आल्यावर थांबवा. उघडी असलेली सगळी ॲप दिसतात. फरक फक्त थांबण्याचा आहे. हा फरक हाताला कळेपर्यंत पुन्हा पुन्हा करा.
३. डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत सरकवा. एक पाऊल मागे.
४. तळाच्या बारीक पट्टीवर आडवं सरकवा. आधीचं ॲप समोर येतं.

तिसरी पायरी शिक्षकांना सगळ्यात जास्त छळते. वहीच्या ॲपमध्ये ओळ डाव्या कडेपासून सुरू करायला गेलं की यंत्राला 'मागे' ऐकू येतं आणि वहीच बंद होते. उपाय दोन. नेव्हिगेशनच्या त्याच पानावर 'मागे'च्या जेश्चरची संवेदनशीलता कमी करता येते. ती सगळ्यात खाली आणा. सॅमसंगमध्ये एस पेन असेल तर तिथेच 'एस पेनने जेश्चर रोखा' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. मग पेन कडेला लागला तरी वही जागची हलत नाही आणि बोटाने मात्र मागे जाता येतं.

शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्या बऱ्याच उपकरणांत तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. एरवी सोयीचं आहे. पण दोन हातांनी भूमिती शिकवणाऱ्याच्या गॅलरीत नको ते स्क्रीनशॉट साठत राहतात. शिकवायचा टॅब्लेट असेल तर हे बंदच करा.

टाइप करतानाची दोन जेश्चर मात्र प्रत्येकाने शिकावीत, कारण कीबोर्डवर वेळ त्यातच वाचतो. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, स्पेसबारवर बोट डावी-उजवीकडे सरकवलं की कर्सर अक्षराअक्षराने हलतो. मराठीत शब्दाच्या मधे चुकलेली वेलांटी गाठायला यासारखं दुसरं साधन नाही. आणि खोडण्याच्या बटणावरून बोट डावीकडे ओढलं की शब्दच्या शब्द निवडले जातात, सोडलं की पुसले जातात.

विंडोज ११ चा टचस्क्रीन लॅपटॉप

इथे तीन बोटांचं राज्य आहे. तीन बोटं वर सरकवली की उघड्या सगळ्या खिडक्या समोर मांडल्या जातात. तीन खाली, की सगळं बाजूला होऊन डेस्कटॉप. तीन बोटं डावी-उजवीकडे, की शेवटच्या ॲपवर जाता येतं. चार बोटं डावी-उजवीकडे, की एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर. डाव्या कडेवरून आत ओढलं की विजेट्स, उजव्या कडेवरून सूचना.

चार बोटांचा उपयोग सेतू केंद्र किंवा कार्यालय चालवणाऱ्याने जरूर करावा. एका डेस्कटॉपवर अर्जाचं पोर्टल आणि स्कॅन केलेली कागदपत्रं, दुसऱ्यावर हिशेबाची एक्सेल शीट. समोर नागरिक बसलेला असताना दुसऱ्या माणसाचे कागद त्याला दिसू नयेत, हेही आपोआप साधतं.

तीन-चार बोटांची जेश्चर चालत नसतील, किंवा चित्रकलेच्या ॲपशी भांडत असतील, तर सेटिंगमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस उघडा, त्यात टच. तिथे या जेश्चरसाठी एकच बटण आहे, चालू किंवा बंद.

वर्गासाठी आणखी एक सेटिंग: ॲक्सेसिबिलिटीमध्ये, माउस पॉइंटर अँड टच या पानावर, टच इंडिकेटर. ते चालू केलं की बोट टेकेल तिथे स्क्रीनवर गोल दिसतो. प्रोजेक्टरवर शिकवताना किंवा व्हिडिओ बनवताना मुलांना सरांचं बोट कुठे आहे ते त्यामुळे कळतं. अँड्रॉइडवर हेच काम डेव्हलपर पर्यायांतल्या 'शो टॅप्स'ने होतं.

टचस्क्रीन नसलेल्या लॅपटॉपच्या टचपॅडवरही ही जेश्चर जवळपास तशीच चालतात. फरक एवढाच की तिथे एका बोटाने कर्सर हलतो, म्हणून पान सरकवायला दोन बोटं लागतात, आणि दोन बोटांनी टॅप केलं की उजवं क्लिक होतं.

आयपॅड, थोडक्यात

वर सांगितलेल्या नियमाला आयपॅडचा एक अपवाद आहे: तिथे तीन बोटं मजकुराची आहेत. शब्द निवडून तीन बोटांची चिमूट केली की कॉपी, दुसरीकडे जाऊन तीच फाकवली की पेस्ट. तीन बोटं डावीकडे सरकवली की केलेलं मागे फिरतं, उजवीकडे सरकवली की परत येतं. सिस्टिमची कामं चार-पाच बोटांवर आहेत: चिमूट केली की होम, आडवं सरकवलं की दुसरं ॲप. ॲपल पेन्सिल असेल तर खालच्या डाव्या कोपऱ्यातून आत ओढून स्क्रीनशॉट घेता येतो, उजव्या कोपऱ्यातून झटपट टीप लिहिता येते. लहान मुलांच्या हातात देताना सेटिंगमधल्या मल्टिटास्किंग अँड जेश्चर्स या पानावरून चार-पाच बोटांची जेश्चर बंद करता येतात.

पेन घेण्याआधी

बाजारात पेन म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, रबराच्या टोकाचा किंवा पारदर्शक चकतीचा साधा स्टायलस. तो फक्त बोटाची नक्कल करतो. यंत्राला तो बोटच वाटतो, म्हणून तळहात टेकला की गोंधळ होतो. घट्टे पडलेल्या हातांसाठी, किंवा ऑनलाइन अर्जातल्या बटणांवर टेकवायला, तो ठीक आहे. लिहायला घेऊ नका.

दुसरा, सक्रिय पेन. हा आपण पेन आहोत हे यंत्राला सांगतो, दाब किती आहे तेही सांगतो. वॅकॉम या पेन बनवणाऱ्या कंपनीने वाढवलेल्या ईएमआर पद्धतीच्या पेनात बॅटरीही नसते. स्क्रीनखालची जाळी त्याला ऊर्जा पुरवते. सॅमसंगचा एस पेन याच कुळातला. ॲपल पेन्सिल आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेसचा पेन वेगळ्या पद्धतींचे. यातला मुद्दा खरेदीचा आहे: एका पद्धतीचा पेन दुसऱ्या पद्धतीच्या स्क्रीनवर चालत नाही. ईएमआर पेन घेऊन साध्या टॅब्लेटवर घासला तर काहीच उमटणार नाही, कारण त्या टॅब्लेटच्या काचेखाली ती जाळीच नसते. आधी टॅब्लेट कोणता पेन घेतो ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा, मग पेन.

पेनने लिहा, बोटांनी कागद हलवा

पेन आला की हातांची कामं वाटून द्या: पेनवाला हात फक्त लिहील, दुसरा हात झूम करील आणि पान सरकवील. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या केन हिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हीच विभागणी मांडली होती. वही धरणारा हात आणि लिहिणारा हात असे दोन हात आपण बालवाडीपासून वापरत आलोय, त्यामुळे ही विभागणी शरीराला ओळखीची आहे. एकाच हाताने लिहून, पेन कानावर अडकवून, त्याच हाताने झूम करत बसणारे शिक्षक मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. तासभरात मनगट दुखायला लागतं.

बसवायची रीत अशी:

१. वहीचं ॲप उघडा आणि तळहात बिनधास्त काचेवर टेकवा. हात अधांतरी धरून लिहायची सवय लागू देऊ नका. टेकलेल्या हाताने रेघा उमटत असतील तर ॲपच्या सेटिंगमध्ये 'फक्त पेनने लिहा' किंवा 'बोटाने रेघ काढू नका' अशा अर्थाचा पर्याय शोधा. विंडोजमध्ये पेन वापरताना टचकडे दुर्लक्ष करण्याची सोय पेन अँड विंडोज इंक या पानावर मिळते.

२. तिथेच तुम्ही कोणत्या हाताने लिहिता ते सांगा. डावखुऱ्यांनी हे विसरू नये. मेनू हाताखाली न उघडता दुसऱ्या बाजूला उघडतात.

३. पेन काचेपासून जरा वर धरा. बऱ्याच उपकरणांत एक ठिपका पेनबरोबर फिरेल. पेन न टेकवता जागा दाखवता येते, हे बोटाला जमत नाही. टेकवण्याआधी ठिपका बघायची सवय लागली की बारीक बटणं चुकत नाहीत.

४. पेनच्या अंगावरचं बटण दाबून धरून टेकवा. विंडोजमध्ये बहुधा उजवं क्लिक मिळतं. सॅमसंग नोट्समध्ये बटण दाबून घासलं की लिहिलेलं पुसलं जातं. काही पेनांचं शेपूटच खोडरबर असतं. पेन उलटा करून पुसा.

५. लॅसो, म्हणजे फास. लिहिलेल्या भागाभोवती गोल काढा, तो निवडला जाईल, आणि धरून दुसरीकडे नेता येईल. गणिताच्या शिक्षकांनी पेनचं हे एकच जेश्चर शिकलं तरी पैसे वसूल. फळ्यावर उदाहरण अर्ध्यात जागा संपली तर पुसावं लागतं. इथे आधीच्या पायऱ्या उचलून वर सरकवायच्या.

६. वर्तुळ किंवा रेघ काढून पेन न उचलता क्षणभर थांबा. ॲपल नोट्ससारख्या अनेक ॲपमध्ये वाकडी रेघ सरळ होते, वर्तुळ गोल होतं. ऑफिसच्या ड्रॉ टॅबमध्ये मोजपट्टीही आहे: एका बोटाने ती सरकते, दोन बोटांनी फिरते, आणि तिच्या कडेने पेन चालवला की रेघ सरळ येते.

विंडोजवर पेन थोडा थांबला की एक गोल उमटतो आणि मेनू उघडतो. सावकाश आकृती काढणाऱ्याला याचा फार त्रास होतो. कंट्रोल पॅनलमध्ये पेन अँड टच उघडून दाबून धरण्याचं उजवं क्लिक बंद करा. ते काम पेनच्या बटणावर राहू द्या.

पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना कंट्रोल आणि पी दाबलं की पेन हातात येतो, कंट्रोल आणि ए दाबलं की पुन्हा बाण, आणि ई दाबलं की काढलेलं सगळं पुसलं जातं.

साध्या संगणकाला पेन टॅब

टचस्क्रीन घेणं परवडत नसेल तर यूएसबीने जोडायचा पेन टॅब, म्हणजे पेनने लिहायची बिनस्क्रीनची पाटी, घ्या. वॅकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन यांचे छोटे टॅब मिळतात. इथे हात टेबलावर चालतो आणि नजर स्क्रीनवर. सुरुवातीला हात बावचळतो. हाताकडे बघायचा मोह टाळला तर लवकर सवय होते.

ड्रायव्हर, म्हणजे टॅब चालवणारं सॉफ्टवेअर, टाकल्यावर पहिलं काम: टॅबचा लिहायचा भाग आणि स्क्रीन यांचं लांबी-रुंदीचं प्रमाण एकसारखं करा. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवायची खूण असते. ती नसेल तर गोल काढला की अंडं उमटतं, आणि माणसाला वाटतं आपला हात वाईट आहे.

पैठणीची नक्षी संगणकावर बसवणाऱ्यांना याचा उपयोग सगळ्यात जास्त. मोर, मुनिया, कमळ, नारळी काठ यांच्या बारीक वळणांना माउस पुरत नाही. टॅबवरच्या बटणांना मागे घेणे, पान सरकवणे, झूम आणि खोडरबर ही कामं नेमून द्या आणि डावा हात तिथेच ठेवा. आयपॅडवर प्रोक्रिएट हे चित्रकलेचं ॲप वापरत असाल तर दोन बोटांनी टॅप केलं की शेवटची रेघ मागे जाते, तीन बोटांनी टॅप केलं की परत येते. चुकलेली रेघ क्षणात जाते हे हाताला कळलं की तो घाबरत नाही, आणि न घाबरणाऱ्या हाताची रेघच चांगली येते.

पेनचं टोक झिजतं. तिरकस, खरखरीत झालं की बदला. डब्यात जास्तीची टोकं आणि ती उपटायची कडी बहुधा असते. आपल्याकडची धूळ टोकाखाली आली की काच ओरखडते, म्हणून लिहायला बसण्याआधी काच पुसायची.

शाळेतला डिजिटल बोर्ड

बऱ्याच शाळांतले मोठे टच बोर्ड फोनसारखे कपॅसिटिव्ह नसून इन्फ्रारेड असतात. चौकटीच्या आतल्या कडांमधून न दिसणारे प्रकाशकिरण आडवे-उभे जातात. मधे काही आलं की ते तुटतात आणि बोर्डाला तिथे स्पर्श कळतो. बोर्डाच्या सवयी यातूनच येतात. बोटच लागतं असं नाही. खडू, पट्टी, झाकण लावलेला पेन, काहीही चालतं. पण त्याच न्यायाने साडीचा पदर, ओढणी, बाहीचं बटण, बांगडी काचेजवळ आली तरी तीही बोटच. मॅडमनी लिहिताना पदर खोचून घ्यावा, सरांनी बाही दुमडावी. बोट काचेला काटकोनात टेकवा. वाकडं टेकवलं तर बोटाआधी तळहात किरणांत येतो.

चौकटीच्या कडेत धूळ साठली की बोर्डाला एका जागी कायमचं बोट दिसत राहतं आणि बाकीचं काहीच चालत नाही. दिवाळीची सुट्टी संपवून शाळा उघडली की "बोर्ड बिघडला" अशी ओरड होते, त्यातले कित्येक बोर्ड कडा मऊ कोरड्या ब्रशने झाडल्या की चालू होतात. खिडकीतून थेट ऊन चौकटीवर पडत असेल तर तेवढा पडदा ओढा.

लॅपटॉप जोडताना दोन तारा लागतात. एचडीएमआयची तार चित्र बोर्डावर नेते, टच परत आणत नाही. टच लॅपटॉपकडे येतो यूएसबीच्या दुसऱ्या तारेतून. चित्र दिसतं पण बोटाला काही होत नाही, तर ती दुसरी तार बघा.

दोन्ही तारा आहेत, पण बोर्डावर बोट लावलं की खूण लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटते? विंडोजला कोणता टच कोणत्या स्क्रीनचा हे माहीत नाही. असं करा:

१. कंट्रोल पॅनल उघडून टॅब्लेट पीसी सेटिंग्ज शोधा.
२. डिस्प्ले या भागात सेटअप दाबा.
३. स्क्रीन पांढरी होऊन बोट लावायची सूचना येईल. सूचना बोर्डावर असेल तर बोर्डावर बोट लावा. लॅपटॉपवर असेल आणि त्याला टच नसेल तर एंटर दाबा, सूचना पुढच्या स्क्रीनवर जाईल.
४. पुन्हा तपासा. बोट आणि खूण यांत थोडं अंतर राहत असेल तर तिथेच कॅलिब्रेट दाबून दाखवलेल्या खुणांवर बोट लावत जा.

बऱ्याच बोर्डांच्या स्वतःच्या फळ्याच्या ॲपमध्ये मूठ किंवा तळहात फिरवला की पुसलं जातं, आणि दोन मुलं एकाच वेळी लिहू शकतात. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक, असं एकच उदाहरण सोडवायला द्या. मागच्या बाकांवरची मुलंही उठून पुढे येतात.

मराठी हाताने लिहायचं असेल तर

मराठी कीबोर्ड जमत नाही म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या थोरांसाठी हा भाग. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा उघडा, कीबोर्ड जोडा, मराठी निवडा आणि वरच्या आराखड्यांतून हस्तलेखन घ्या. आता कीबोर्डच्या जागी मोकळी पाटी येते. तिच्यावर बोटाने किंवा पेनने एक शब्द लिहा, थांबा. छापील शब्द वर जातो. चुकीचा शब्द आला तर वरच्या पट्टीतल्या पर्यायांवर बोट ठेवा. अक्षर सुंदर नसलं तरी चालतं, पण एका वेळी एक शब्द आणि अक्षरांत थोडी मोकळी जागा ठेवली की ओळख चांगली होते. निवृत्त गुरुजींना हे दाखवा; त्यांच्या हातात वळण असतंच.

दुसऱ्याच्या हातात देण्याआधी

ज्येष्ठांना स्वाइपची पद्धत शिकवण्याचा आग्रह धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली दिसणारी तीन बटणं त्यांच्यासाठी ठेवा. हात थरथरत असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये दाबून धरण्याचा वेळ 'लांब' करा, म्हणजे साधा स्पर्श मेनू उघडणार नाही. आयपॅडवर याच कामासाठी टच अकोमोडेशन्स हा भाग आहे.

विद्यार्थ्यांना एकाच ॲपवर ठेवायचं असेल तर अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ॲप पिनिंग चालू करा. मग उघड्या ॲपच्या यादीत त्या ॲपच्या चित्रावर दाबून पिन निवडा. स्वाइपच्या पद्धतीत पिन काढायला खालून वर सरकवून धरून ठेवावं लागतं. मुलांना हे लवकर सापडतं, म्हणून पिन काढताना पासवर्ड मागण्याचा पर्यायही त्याच पानावर चालू करून ठेवा. आयपॅडवर गायडेड ॲक्सेस हेच काम करतो. ॲप उघडून वरचं बटण किंवा होम बटण तीनदा दाबा, आणि मुलांनी हात लावू नये असा भाग स्क्रीनवर बोटाने गोल करून ठेवा.